चिंच नेणाऱ्यास सूचना

१० फेब्रुवारी

आज चिंचेच्या खालच्या फांदीला तार घातली. एप्रिलमध्ये बोन्साय मंडळाचं प्रदर्शन आहे. गेल्या वर्षी अध्यक्षीणबाई माझ्या चिंचेसमोर मान तिरकी करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, झाड गोड आहे हो, पण ही फांदी जरा आगाऊच आहे. ज्या बाई कुंडीत प्लॅस्टिकचे ससे मांडतात त्यांनी मला हे सांगावं! आणि त्यातून ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

फांदी बुंध्यातून निघते ती थेट बाहेर, आल्यागेल्याशी हात मिळवायला निघाल्यासारखी. कुठल्याच नियमात बसत नाही. आईने ती कधी छाटली नाही, कारण ती तिच्यावर चष्मा अडकवायची. एवढंच कारण. आईला बोन्साय हा शब्दही ठाऊक नव्हता. तिने डब्यात चिंचोका पुरला, रोप आलं, गॅलरीत ते वाढून वाढणार किती म्हणून शेंडे खुडत राहिली, आणि त्याचं चाळीस वर्षांत असं झाड झालं की मंडळातले लोक बुंध्यावरून हात फिरवायला येतात. नशीब म्हणतात ते हेच.

मी तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. लोकांच्या वेड्यावाकड्या जबड्यांना तारा बसवण्यात जन्म गेला, तर एक फांदी म्हणजे काय. पण सबंध सकाळ लागली. प्रत्येक वेढा सारख्या अंतरावर, साल न दुखवता. लॅबमधलं तार कापायचं माझं जुनं कटर काढलं होतं. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही.

संध्याकाळी धाकटी आली. माझी बहीण. आईच्याच घरात राहते, लोकांचे कपडे घट्टसैल करून देते. तार बघून तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "ताई, ती चष्म्याची फांदी आहे."

मी म्हटलं, आई आता चष्मा लावत नाही.

तिने तारेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, त्याला दुखत असेल का. पन्नाशी उलटलेल्या बाईचा प्रश्न! हे लगेच उठून म्हणाले, चहा टाकतो. यांना भांडणाचा वास आला की चहा सुचतो.

आई गेल्यावर झाड मी आणलं, हे धाकटीच्या मनातून अजून जात नाही. बोलत नाही, पण मला कळतं. आईच्या गॅलरीच्या कट्ट्यावर कुंडीच्या पायांचे चार डाग आहेत, ते तिने इतकी वर्षं पुसलेले नाहीत. तिथं दुसरं काही ठेवतही नाही. आळस, दुसरं काय. झाड तिच्याकडे ठेवलं असतं तर वर्षभरात सरपण झालं असतं. तिच्या हातून मनीप्लांट मेलेला आहे. आईचं शेवटपर्यंत तिने केलं, हे मी चारचौघांत मान्य करते. पण ती राहायचीच तिथं. तिला काय वेगळं जायला लागत होतं?

१४ फेब्रुवारी

चिंच चोरीला गेली.

मी मंडळाच्या सभेला गेले होते. परत येऊन गच्चीवर गेले तर मांडणीवर मधली जागा रिकामी. आधी वाटलं पडली. खाली बघितलं. मग वाटलं मीच कुठं हलवली. सगळी गच्ची पालथी घातली. मग तिथल्याच स्टुलावर बसले आणि रडले. लिहायला लाज वाटत नाही.

हे घरात होते. झोपले होते म्हणे. घरातून कुंडीसकट झाड जातं आणि माणसाला जाग येत नाही. मी म्हटलं, उद्या मला कुणी उचलून नेलं तरी तुम्ही कूस बदलाल. हे पाणी घेऊन आले.

१५ फेब्रुवारी

हवालदार येऊन गेला. पंचनामा करायला आला होता, पण निम्मा वेळ बिस्किटांचाच पंचनामा चालला होता. त्याने विचारलं, झाड केवढं. मी हात दाखवला. तो म्हणाला, म्हणजे रोप. मी म्हटलं, चाळीस वर्षांचं आहे. तो म्हणाला, मग वाढलं का नाही? यांना हसू आलं. यांना!

गच्चीच्या लोखंडी दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी स्वयंपाकघरात खिळ्याला. दोन्ही जागच्या जागी. हवालदार म्हणाला, चोर जाताना कुलूप लावून गेला, चांगल्या घरचा दिसतो. शिवाय शेजारीच माझा जुनिपर आहे, ज्याच्यासाठी लोक पैशाच्या पिशव्या घेऊन येतात, त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. फक्त चिंच. मी त्याला म्हटलं, चोराला झाडातलं कळतं. किंवा काहीच कळत नाही, तो म्हणाला. हा माणूस वर चढत चढत एक दिवस मोठा साहेब होणार.

पण मी बसल्याबसल्या ओळखलं. काल सभेला कोण उशिरा आलं? अध्यक्षीणबाई. एवढ्या धापा टाकत की अर्धा तास नुसतं पाणी पीत होत्या.

१८ फेब्रुवारी

चोरीमुळे मंडळाने खास बैठक बोलावली. विषय, सभासदांच्या झाडांची सुरक्षा. एकाने सांगितलं, कुंड्या साखळीने भिंतीला बांधा. म्हणजे झाडांचा तुरुंग. दुसऱ्याने सुचवलं, कुंडीच्या बुडाला आपलं नाव कोरा. चोर कुंडी उलटी करून वाचणार आणि ओशाळून परत आणून देणार, असा याचा हिशोब. तिसऱ्या बाई म्हणाल्या, कुत्रा पाळा. यांच्या घरचा कुत्रा यांच्याच झाडांवर तंगडी वर करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एक सूचना तेवढी बरी निघाली, की प्रत्येक झाडाचा चारी बाजूंनी फोटो ठेवावा. ती अध्यक्षीणबाईंची होती, म्हणून मी मान डोलावली नाही. सगळ्यांदेखत त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, प्रदर्शनात तुमची जागा रिकामीच ठेवू, तिथं दुसरं कुणाचं झाड नको. काय अभिनय.

बैठक संपल्यावर त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. म्हटलं, खत बघायचंय. सगळं बघितलं. बाल्कनी, मागची मोरी, पलंगाखालीसुद्धा, चप्पल शोधण्याच्या निमित्ताने. ससे आहेत. आता एक बदकही आहे. चिंच नाही. बहुतेक त्यांच्या भावाकडे ठेवली असेल.

२० फेब्रुवारी

कॅमेरा बसवला. यांचा विरोध होता. म्हणाले, चोर काय तीच जागा पुन्हा बघणार आहे का. मी म्हटलं, तुम्ही झोपता, निदान तो तरी जागा राहील. कॅमेरेवाल्याने शिडीवरूनच तासभर कंपनीची थोरवी सांगितली. मोबाईलवर चित्र येतं, मुंगी चालली तरी दिसते.

२४ फेब्रुवारी

मुंगी दिसते की नाही ठाऊक नाही. चार दिवस मोबाईलवर फक्त आमची निळी चादर दिसते आहे. हे रोज ती बरोबर कॅमेऱ्यासमोरच्या दोरीवर वाळत घालतात. आयुष्यात कधी चादर वाळत न घातलेला माणूस! विचारलं तर म्हणाले, तिथं वारा चांगला लागतो.

धाकटीचा फोन आला होता. तिने कुणाकडून तरी गुलाबाचं कलम आणलंय. आणलं आणि सगळी पानं गळाली. मेलं का गं ताई, म्हणून आवाज अगदी रडवेला. एका गुलाबासाठी! मी म्हटलं, जागा बदलली की झाडं रुसतात. नखाने साल किंचित खरवड, खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे. फोन तसाच ठेवून ती गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "हिरवं आहे ताई, हिरवं आहे." मग नाक ओढल्याचा आवाज आला.

चोरी झाल्यापासून माझ्यासाठी तिने असं नाक ओढलेलं नाही. चिंच गेली हे सांगितलं तेव्हा नुसतं हं म्हणाली होती.

१ मार्च

ऊन चढायला लागलंय. मांडणीवरच्या वडाला कोंब आले. म्हणजे चिंचेलाही येणार, असेल तिथं. आणि मग एकदम आठवलं.

तार! पालवी फुटली की फांदी जाड होते. तार मात्र आहे तेवढीच राहते. ती सालीत रुतत जाते, आणि एकदा रुतली की तो व्रण जन्मभर जात नाही, कधी फांदीच वाळते. मी ती अशी घट्ट घातली कारण रोज माझं लक्ष असणार होतं. चोराला काय कळणार? तो बघेल, वा, तार किती सुबक आहे. आणि कळलं तरी तो ती उलगडायला जाणार. उलगडताना फांदी पिळवटते आणि काडकन मोडते. मंडळातल्या जुन्या लोकांनासुद्धा हे समजावून समजावून मी थकले.

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. वाटीभर पेंड चाळायला बसले तर डबा अर्धा झालेला. गेल्याच महिन्यात भरला होता. उंदीर आता खतही खायला लागले.

३ मार्च

रात्रभर डोक्यात घोळत होतं ते सकाळी लिहून काढलं आणि छापून आणलं. इथं उतरवून ठेवते.

"चिंच नेणाऱ्यास सूचना. तुम्ही चोर आहात, पण तो विषय वेगळा. खालच्या फांदीला तार आहे. पालवी फुटली की ती रुतेल. ती उलगडू नका, फांदी मोडेल. एकेक वेढा वेगळा कापा आणि तुकडे आपोआप गळू द्या. आत्ता कापलीत तर फांदी पुन्हा सरळ होईल. होऊ दे. झाड उन्हात ठेवा, शोभेसाठी घरात ठेवू नका. माती वरून कोरडी झाली की पाणी द्या, लाड म्हणून देऊ नका. संध्याकाळी पानं मिटतील, घाबरू नका, ते झोपतं."

खाली यांनी एक वाक्य घालायला लावलं, की परत आणून दिलंत तर काही विचारलं जाणार नाही. मी ते खोडलं. माझं विचारणं मी का सोडू? हे म्हणाले, बघ हो, विचारणं सोडलं तर झाड मिळेल. मी म्हटलं, तुम्हाला चोराची फार काळजी.

चिकटवायला मात्र हे एका पायावर तयार. गठ्ठाच उचलला. रोपवाटिकांच्या भिंतींवर लावतो म्हणाले, बसस्टॉपवर लावतो, धाकटीच्या भागातही दोनचार लावून येतो. तिथं कशाला, मी म्हटलं, तिकडचे लोक कढीपत्तासुद्धा विकत आणतात. पण गेले. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून यांना घरात चैन पडत नाही. रोज पाच वाजले की निघाले, हातात पिशवी. चालायला पिशवी कशाला लागते देव जाणे.

७ मार्च

अध्यक्षीणबाईंचा फोन. सूचना त्यांनी वाचली. म्हणाल्या, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढे म्हणाल्या, तुम्ही रागवाल, पण मी असते तर त्या फांदीला तार घातली नसती, मला ती आवडायचीच, मी आगाऊ म्हटलं ते कौतुकाने.

कौतुकाने! फोन ठेवून दिला. एवढं सगळं मी कुणासाठी केलं मग?

जाऊ दे. त्यांनी चोरली नाही, एवढं आता मला वाटायला लागलंय. चोरायला जी अक्कल लागते ती तिथं नाही.

१२ मार्च

धाकटी आली होती. तिला एकाएकी झाडांचा पुळका आलाय. गुलाबाला ऊन किती, पाणी किती, मुंग्या लागल्या तर काय. मला बरं वाटलं, खोटं का सांगू. इतक्या वर्षांत तिने मला कधी काही विचारलं नव्हतं. मीही सढळ हाताने सांगितलं. हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता इतकंच.

जाता जाता ती दारात थांबली आणि विचारलं, ताई, कापताना साल थोडी सोलली गेली तर काय लावायचं. मी विचारलं, गुलाबाची साल कशाने सोललीस? म्हणाली, काटे काढत होते. काटे काढत होती! गुलाबाचे! मी कपाळाला हात लावला. जखमेला लावायचा लेप मी घरी करते, त्याची डबी दिली. तिने ती पर्समध्ये नाही, ब्लाऊजच्या आत ठेवली, जसं काही सोनंच दिलंय.

तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. कापलं म्हणाली. शिलाईवाल्या बाईने हात कापून घ्यावा म्हणजे कमाल आहे. तिची ती काळ्या मुठीची कात्री, कापडाशिवाय कशाला लागू देत नाही. एकदा यांनी त्या कात्रीने पाकीट फोडलं तर महिनाभर टोमणे मारत होती. म्हणे कागदाने धार मरते. रोज काम झालं की मऊ फडक्यात गुंडाळून ठेवते. आईने घेऊन दिली होती तिला.

२२ मार्च

वडाची पानं पिवळी पडताहेत. चोरीच्या धास्तीने गेल्या आठवड्यात मी सगळी मांडणी जाळीच्या पिंजऱ्यात घातली, वर पत्रा टाकला, दाराला दोन कुलुपं. चोर येणार नाही. ऊनही येत नाही. हे म्हणाले, तू तर चोरालाच सूचना दिलीस, झाड उन्हात ठेव म्हणून. मी म्हटलं, तुम्ही चादर वाळत घाला.

संध्याकाळी पत्रा काढला. यांच्या म्हणण्यावरून नव्हे, मलाच वाटलं म्हणून.

२ एप्रिल

प्रदर्शन उद्यावर आलं. घालायचा ड्रेस कमरेत होईना. धाकटीला फोन केला, येते म्हणून. ती घाईघाईने म्हणाली, तू कशाला दोन बस बदलतेस, मीच येते परवा. परवा काय उपयोग? मी न सांगताच गेले. जाताना पिशवीत कटर होतं, मंडळात एकीला दाखवायचं म्हणून घेतलेलं.

बऱ्याच दिवसांनी गेले. बाहेरच्या खोलीत मशीन, दोऱ्यांचे डबे, लोकांच्या पँटी. आतल्या खोलीत आईचा पलंग अजून तसाच. पलीकडे गॅलरीचं दार, बंद. भर दुपारी पडदा ओढलेला. धूळ येते, ती म्हणाली. मला बघून ती एवढी गोंधळली की पाण्याऐवजी हातात टेपच दिली.

ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायला लागली. डोळे बारीक करून, जीभ बाहेर काढून. मी म्हटलं, चष्मा कुठे आहे तुझा? आत आहे, म्हणाली, आणि नजर गॅलरीच्या दाराकडे गेली. मग उठून आणलाच नाही.

ड्रेसची शिवण उसवायला तिने कात्री घेतली. प्रत्येक वेळी कापड जागोजागी अडकायचं, आणि ती हळूच सोडवून घ्यायची. मला ते बघवेना. मी कात्री तिच्या हातातून घेतली आणि उजेडात धरली.

पात्यांना खाचा होत्या. टोकापासून मागे, ओळीने, बारीक, गोल. एकीपुढे एक. टाचणी मध्ये आली असती तर एक पडली असती. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुली घाईत कटर सापडलं नाही की कात्रीने तार कापायच्या, आणि मी त्यांना झाडायची, तेव्हा हीच खाच दाखवायची. डोळे मिटून नुसत्या बोटाने मला ती ओळखता येते. मी बोट फिरवलं. एकेक वेढा वेगळा कापला होता. मी सांगितलं होतं तसा. एकही टाळला नव्हता.

मी विचारलं, "ही कात्री कशी काय अशी झाली?"

ती मान खाली घालून म्हणाली, "कामाने."

माझ्या तोंडाशी इतकं काही आलं की काय सांगू. चोरटी, घुमी, माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारी, गुलाब म्हणे गुलाब! इतके आठवडे मी चोराच्या नावाने बोटं मोडली, बिचाऱ्या अध्यक्षीणबाईंचा पलंग उपसला, आणि ही माझ्याकडूनच शिकून, माझाच लेप घेऊन, माझाच चहा पिऊन जात होती. आणि त्याच वेळी मला एवढं हायसं वाटलं की मी आईच्या पलंगावर बसले. तार निघाली होती. झाड जिवंत होतं. आईने दिलेल्या कात्रीचा सत्यानाश करून हिने ती काढली होती.

ती उठली, गॅलरीच्या दाराच्या कडीवर हात ठेवला. तोंड पांढरंफटक. म्हणाली, "ताई, बघायचाय का तुला?"

"नको," मी म्हटलं. "गुलाबात काय बघायचं."

ती तशीच उभी राहिली. मग तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी ते न बघितल्यासारखं करून तिला सांगत राहिले, की गुलाबाला आता उन्हाळाभर पेंड घालू नकोस, मुळं जळतात. आणि दर तिसऱ्या वर्षी कुंडीतून काढून मुळं छाटावी लागतात, ते तुला एकटीला जमायचं नाही, तेव्हा मला बोलव. गुलाबाची मुळं कुणी छाटत नाही. तिलाही आता एवढं कळत असणार.

ड्रेस अर्धाच राहिला. प्रदर्शनाला जुनाच घालेन. निघताना कटर मशीनवर ठेवलं. ती म्हणाली, ताई, हे राहिलं. मी म्हटलं, राहू दे, जड होतं, आणि ती कात्री धार लावणाऱ्याकडे दे, माणसाला दाखवायच्या लायकीची राहिलेली नाही.

बसस्टॉप समोरच आहे. उन्हं उतरली होती. बस येईना. नाही बघायचं ठरवलं होतं, तरी मान वर झाली. दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या कट्ट्यावर चिंच होती, आपल्या जुन्या डागांवर. पालवी चांगली आली आहे, पानं मिटायला लागली होती. आणि ती खालची फांदी! सगळी मेहनत पाण्यात. पुन्हा तश्शी सरळ, गजांतून बाहेर आलेली. आडमुठी ती आडमुठीच. तिच्यावर काहीतरी चकाकत होतं, दोन काचा. मला जवळचं कमी दिसतं, लांबचं अजून चांगलं दिसतं.

एक बस मी सोडली.

घरी आले तर यांनी चहा तयार ठेवला होता, मी काही बोलायच्या आतच. म्हणाले, झाडाचा काही पत्ता? मी म्हटलं, नाही, आणि आता लागणारही नाही, विषय बंद. यावर हे एवढंच म्हणाले, मग कॅमेरा काढून टाकू या का. खर्च वाचवायचं तेवढं यांना बरोबर सुचतं. काढा म्हटलं. लगेच स्टूल घेऊन गेले.

उद्या प्रदर्शनात माझी जागा रिकामी असेल. अध्यक्षीणबाई हात धरून हळहळतील, तेव्हा तोंड पाडून उभं राहावं लागणार. करीन. धाकटीचं नाव माझ्या तोंडून कुणाला कळायचं नाही. यांनासुद्धा सांगितलेलं नाही. यांच्या पोटात काही म्हणून राहत नाही.